पाटातले अकरा थर

बेळगाव, ८ नोव्हेंबर १९३६

काल व्याख्यान झालं. हॉल भरला होता, मागं लोक उभे. 'शेवाळ आणि दगड' ऐकायला कोण येणार, असं हेडमास्तर म्हणाले होते. आले की! चुन्याच्या पाण्यात शेवाळ उगवतं, पाण्यातला कर्बवायू खातं, आणि पाण्यात विरघळलेला चुना त्याच्याच अंगावर धरतो. वर शेवाळ वाढत जातं, खाली त्याचा दगड होत जातो. एवढं सांगेपर्यंत पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांचं पान चघळणं थांबलं. कोरड्या दिवसांत पांढरा थर, पावसाळ्यात गढूळ पाण्याचा तपकिरी. एक पांढरा, एक तपकिरी, की झालं एक वर्ष. शेवट असा केला: "माणूस खोटं बोलेल, कागद खोटा निघेल, पण दगड खोटं बोलत नाही." टाळ्या.

घरी सरूला हे वाक्य पुन्हा म्हणून दाखवलं. ती ताटं घेत होती. म्हणाली, "दगड बोलतच नाही. बोलता ते तुम्ही." बायकोपुढं व्याख्यान देऊ नये.

११ नोव्हें.

निपाणीचे रावसाहेब वकील मला शोधत शाळेत आले. आता वकिली सोडलीय, पण लोक पंच म्हणून बोलावतात. निपाणीपासून चार मैलांवर एक वाडी, तिथला वाद. डोंगराच्या पायथ्याला झरा आहे. त्याचं पाणी दगडी पाटानं आदगोंडा आप्पा म्हणून एक जैन शेतकरी आहेत, त्यांच्या पानमळ्याला जातं. पाट ज्या रानातून जातो ते रान आता तंबाखूच्या एका शेटनी घेतलं. शेट म्हणतात पाट कालचा, बंद करतो. आप्पा म्हणतात आज्ज्याच्या वेळचा. कागद कुणाकडेच नाही, साक्षीदार दोघांकडे हवे तितके. वीस वर्षांची वहिवाट ठरली तर पाट राहील, नाहीतर गेला.

"तुमचा तो न बोलणारा साक्षीदार बोलवू या म्हणतो," रा. सा. म्हणाले. पाटाला आतून दगडासारखा थर धरलाय म्हणे. हो म्हणालो. छाती फुगली हे इथं तरी कबूल करायला हरकत नाही.

२२ नोव्हें., रविवार

सकाळच्या सर्व्हिस मोटरनं निपाणी, पुढं बैलगाडी.

झरा सुंदर. तोंडाशी एक कुंड, त्यातून पाट निघतो. पाट काळ्या खडकात छिन्नीनं खोदलेला, आत बोटभर जाड पांढरट थर, त्यावर हिरवंगार मखमली शेवाळ. कुंडातही शेवाळच शेवाळ, खाली फरशा रचल्यात. वहाणा काढून पाय धुवायला उतरलो तर काठावरून आप्पांच्या बायको, आक्का, ओरडल्या: "मास्तर, शेवाळावर पाय देऊ नगासा! जीव हायत तितं."

"किती आहेत?"

"अनंत हायत."

मी म्हटलं, मग तुमचा मळा रोज अनंत जीव पितो की. गाडीवान हसला. आक्का हसल्या नाहीत. फडक्यातून पाणी गाळून कळशी भरली, मग फडकं उलटं करून त्याच कुंडात हळूच बुडवून हलवलं, अडकलेले जीव परत आपल्या पाण्यात जावेत म्हणून. गंमत वाटली, वहीत टिपून घेतलं. मी काठाशी पाण्याबाहेर आलेल्या तिथल्याच एका कोरड्या फरशीवर बसून लिहिलं.

आप्पा साठीचे, काटक, फेटा मळकट पण नीट बांधलेला. थराकडे बोट दाखवून सांगू लागले, "मास्तर, ह्येचं असं हाय, धा-बारा वर्सं झाली की आमी…" मी तिथंच थांबवलं. म्हटलं, आप्पा, तुमचं म्हणणं पंचांपुढं सांगा. मी कुणाच्याच बाजूचं ऐकणार नाही, फक्त दगडाचं ऐकणार. ते "बरं" म्हणून गप्प झाले. नि:पक्षपातीपणा जमला.

तीन ठिकाणी थर फोडला. तिन्ही ठिकाणी पांढऱ्या-तपकिरीच्या अकरा जोड्या. थराखालचे छिन्नीचे घाव अगदी ताजे दिसतात, कालच खोदल्यासारखे.

२४ नोव्हें.

शाळेत भिंगाखाली पुन्हा मोजलं. अकराच. बारावी ओढूनताणूनही होत नाही.

६ डिसेंबर, रविवार

वाडीच्या चावडीपुढं बैठक. रा. सा., दोन्ही पक्ष, गाव. मी तुकडे फिरवले, प्रत्येकानं हातात घेऊन पाहिले. मग सांगितलं: थराचं वय अकरा, म्हणून पाटाचं वय अकरा, थोडं इकडंतिकडं.

आप्पा उभे राहिले. "सायेब, थर आमी काढतो. पयल्या फरशा कुंडात हायत."

शेटच्या बाजूनं हशा. रा. सा. माझ्याकडे वळले. "मास्तर, तुम्ही पाहिलंय. कुंडात काय आहे?"

मी म्हणालो, "धुण्याचे दगड."

बायकांत बसलेल्या आक्का उठल्या, पदर सावरला, आणि पुन्हा बसल्या. रा. सा. नी निकाल दिला. वहिवाट नाही, पौषापासून पाट बंद. कळशीनं पाणी न्यायला कुणाला मनाई नाही. आप्पा एवढंच बोलले, "पंच मानलाय. दगुड तसं म्हनतोय तर तसं." अंगठा उमटवला.

परतताना मोटरीत डोकं दुखलं. पेट्रोलचा वास असेल.

१९ जानेवारी १९३७

दिवस बरे चाललेत. व्याख्यानाचं आणि वाडीच्या निकालाचंही वर्तमानपत्रात आलं: 'शेवाळाची साक्ष'. हेडमास्तर जूनमध्ये निवृत्त होताहेत, त्यांच्या जागी माझं नाव घेतात असं तिघांनी तीनदा सांगितलं. पाटातला एक तुकडा पुण्याला माझ्या जुन्या प्रोफेसरांना पाठवला होता, त्यांचं पत्र आलं: तुकडा उत्तम, पण फार लहान. वीस-पंचवीस वर्षांचा सलग थर मिळाला तर कोणत्या साली पाऊस बरा, कोणत्या साली नाही, ते वाचता येईल. झऱ्याच्या तोंडाशी जुना थर असणारच, तिथं पाहा.

आधी का नाही पाहिलं, असं त्यांनी विचारलेलं नाही. विचारणार होते बहुतेक.

२८ फेब्रुवारी, रविवार

हे लिहायला दोनदा बसलो आणि उठलो.

एकटाच गेलो. वाडीत न शिरता मागच्या बाजूनं झऱ्यावर. पाट कोरडा. शेवाळ करडं पडून पापडासारखं सुटून आलंय, बोट लावलं की भुगा. शेटनी पलीकडून खालच्या पातळीला नवा चर काढलाय, त्यामुळं कुंडाचं पाणी हातभर उतरलंय. आणि उघड्या पडलेल्या त्या फरशांच्या कडा.

पांढरा, तपकिरी. पांढरा, तपकिरी.

फरशा नाहीतच त्या. पाटाचे थर आहेत. वरून खोलगट, बरोबर पाटाच्या मापाच्या. एक उलटी करून पाहिली तर खाली छिन्नीचे घाव, उलटे, साच्यातून काढल्यासारखे. थर वाढून पाट बुजत आला की तो अख्खा सोडवायचा आणि शेवाळासकट कुंडात आणून ठेवायचा, म्हणजे शेवाळ जगतं. खरवडलं तर जीव मरतात ना. अनंत. एकावर एक सात मोजल्या, खाली चिखलात आणखी आहेत. पाटात सापडतात ते शेवटच्या खेपेनंतरचे अकरा. खडक ताजा दिसायचं कारणही तेच, तो कायम झाकलेला.

आप्पा पहिल्याच दिवशी सांगत होते. मी थांबवलं. पंचांपुढं सांगितलं, आणि मी न पाहता "धुण्याचे दगड" म्हणालो. ज्यांच्यावर बसून मी टिपणं लिहिली ते दगड.

तेवढ्यात पायवाटेवर आक्कांचा आवाज आला, कुणाशी तरी बोलत येत होत्या. मी घाणेरीच्या झुडपामागं बसलो. बेळगावच्या हायस्कुलातला शास्त्राचा मास्तर, वय बेचाळीस, झुडपामागं. त्या दोन कळशा भरून पाटाच्या कडेनं गेल्या तोपर्यंत श्वास धरून होतो. मग एका फरशीचा मोडका कोपरा रुमालात बांधून पळालो. चोरीच ती.

३ मार्च

घासून, भिंगाखाली मोजलं. या एका कोपऱ्यात तेवीस. वीस वर्षांची वहिवाट एकाच फरशीत आहे आणि वर तीन शिल्लक. मधल्या एका थरात पानाचा ठसा, लांबट, शिरा स्पष्ट. जांभळीचं पान. झऱ्यावर आज जांभूळ नाही, नुसती घाणेरी.

प्रोफेसरांना हवा होता तो तुकडा हाच. पाठवला तर खूश होतील. कुठं सापडला विचारतील.

१४ मार्च

पाठवला नाही. कुणाला काही बोललो नाही. वार्षिक परीक्षेचे पेपर काढतोय.

मनाशी काय काय म्हणून पाहिलं ते लिहून ठेवतो, म्हणजे पुन्हा म्हणायला नको. (एक) निकाल पंचांनी दिला, मी नाही. (दोन) आप्पांनी नीट समजावून सांगायला हवं होतं. (तीन) शेटलाही पाणी लागतंच. (चार) जूनपर्यंत थांबू, मग सांगू. जूनपर्यंत पानवेल थांबते का? ती चार दिवस थांबत नाही.

लाज वाटते. याला दुसरा शब्द नाही. वर्गात निरीक्षण शिकवताना फळ्याकडे तोंड करून उभा राहतो.

४ एप्रिल

सरूला सांगितलं. ती गहू निवडत होती. हात थांबले नाहीत.

"त्यांना विचारलं नव्हतं तुम्ही?"

"शास्त्रात विचारायचं नसतं. पाहायचं असतं."

"मग पाहिलंत?"

सूप बाजूला ठेवून तीच पुढं म्हणाली, "तुमची बढती हुकली तर मला वाईट वाटेल. खोटं कशाला बोलू? कोऱ्या लुगड्याचं ठरवून ठेवलंय मी. पण तुम्ही हे असंच पोटात ठेवून हेडमास्तर झालात तर रोज तुमचं तोंड मला बघायचंय." पुन्हा गहू निवडू लागली.

११ एप्रिल, रविवार

निपाणी. रा. सा. नी सगळं ऐकून घेतलं, कोपरा हातात धरून उन्हात फिरवला. चिडले नाहीत, तेच जड गेलं. म्हणाले, "चूक माझीही. कुंड हाकेच्या अंतरावर होतं, मीसुद्धा उठून गेलो नाही. पदवीवर विसंबलो." मग वकिली आवाजात: "लेखी द्या. दोन्ही पक्षांना पुन्हा बोलावतो. शेट कबूल होतील असं नाही. आणि मास्तर, पेपरात आलं होतं, हेही येईल. जूनचं तुम्हाला ठाऊकच आहे."

"ठाऊक आहे."

"मग आजच देता, की विचार करता?"

विचार करतो म्हणालो. 

१ मे

तीन आठवडे विचार केला. म्हणजे तीन मसुदे फाडले. पहिल्यात 'अपुऱ्या पुराव्यामुळे', दुसऱ्यात 'स्थानिक चालीची माहिती न दिली गेल्याने'. न दिली गेल्याने! दिली होती, दोनदा. चौथा कागद चार ओळींचा झाला: मला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. मला विचारलं, मी न पाहता उत्तर दिलं. माझी साक्ष चुकीची आहे. पाट वीस वर्षांहून पुष्कळ जुना आहे.

२ मे, रविवार

कागद रा. सा. ना दिला आणि तिथून वाडीला. आज मागच्या बाजूनं नाही, रस्त्यानं.

पानमळा. आत शिरताना वाटलं होतं गारवा लागेल. ऊनच लागलं. अर्ध्यावर वेली काळ्या पडून आधाराच्या शेवरीला दोऱ्यांसारख्या लोंबताहेत. उरलेल्या अर्ध्याला आप्पा, त्यांचा मुलगा, सून कळशांनी पाणी घालतात, सकाळ-संध्याकाळ. आप्पांच्या खांद्याला घट्टा पडलाय.

सांगितलं. आप्पा बांधावर बसले होते, बसूनच राहिले. म्हणाले, "म्या सांगायला लागलतो तुमास्नी."

"हो."

"तुमी म्हनलासा, दगडाचं ऐकतो."

"हो."

"दगडाचं तरी ऐकायचं हुतं की वो."

पाया पडायला वाकलो तर पाय मागं घेतले. "तसलं काय करू नगासा. मी देव न्हाय."

आक्का मला कुंडावर घेऊन गेल्या. एकेक फरशीवर हात ठेवत सांगत होत्या. सगळ्यात वरची त्यांच्या धाकटीचं लग्न झालं त्या वर्षी काढली, चातुर्मास संपल्यावर, ओलं पोतं अंथरून. "अकरा वर्सं झाली बगा." माझे अकरा! एक वाक्य विचारलं असतं तर. मोडक्या कोपऱ्याची फरशी जाड का, तर प्लेगात गाव रानात राहायला गेलेलं, काढायची राहून गेली. त्याच्याखालच्या एकीत एक थर जेमतेम नखाएवढा आणि तपकिरी रेघ नाहीच. "ह्यो मोठा दुष्काळ. सासूबाई दावायच्या. लोकांनी जांभळीचा पाला खाल्ला म्हनं. जांभळी मागनं प्लेगात तोडल्या, खोपींसाटनं." शिकलेला मी भिंगातून पाहतो ते या बोटानं वाचतात.

मग पाटाजवळ नेलं. सगळा पाट करडा, पण मळ्याकडच्या टोकाशी हातभर शेवाळ हिरवं. पाट बंद झाल्या दिवसापासून त्या रोज त्यावर दोन कळशा ओततात. मळ्याला पाणी पुरत नसताना. मी झुडपामागं होतो त्या दिवशीच्या कळशा इथंच चालल्या होत्या.

"मळा पुन्यांदा लावू," आक्का म्हणाल्या. "त्येचं कायतरी हुईल. पर ह्ये एवढं सगळं मेलं, मास्तर. आमच्या पाटात. त्येचं पाप कुनाला लागायचं, आमास्नी का तुमास्नी?"

त्या रागानं बोलत नव्हत्या. खरंच विचारत होत्या.

१६ मे, रविवार

चावडीपुढं पुन्हा बैठक. माझा कागद रा. सा. नी मोठ्यानं वाचला. 'मी ऐकलं नाही' ला गाव माझ्याकडे पाहत होतं. खाली पाहायचं नाही असं ठरवून गेलो होतो, तरी पाहिलंच.

शेटचा कारभारी उठला. "मागच्या खेपेला दगुड खोटं बोलत नव्हता. आता कवापासनं बोलाय लागला? का मास्तर बोलत्यात? उद्या तिसरंच सांगतील." त्याचं काही चुकलं नाही.

सगळे उठून कुंडावर गेलो. फरशा बाहेर न काढता, पाण्यातच उचलून धरून दाखवल्या. रा. सा. धोतर गुडघ्यापर्यंत घेऊन आत उतरले, शेवाळावर पाय पडणार नाही असं बघून. मी मोजायला पुढं झालो तर आप्पांनी हात आडवा केला.

"मास्तर नगोत, सायेब. मास्तरांच्या सांगन्यावर माजं पानी गेलं. त्येंच्याच सांगन्यावर परत नगो. तुमी मोजा, न्हायतर शेटनी मोजावं."

शेटनी मोजलं. दोनदा. आकडा सांगितला नाही. फरशा बाहेरून आणून टाकल्या नसतील कशावरून, म्हणाले, घरी विचार करून कळवतो. रा. सा. म्हणाले, मृगापर्यंत कळवा, नाहीतर मी लिहितो. काय लिहिणार ते बोलले नाहीत.

हेडमास्तरांची जागा काल दुसऱ्याला दिली. सरूला सांगितलं तेव्हा ती "बरं" म्हणाली, आणि माझ्या ताटात जरा जास्त भात वाढला.

गाव पांगल्यावर मी पाटाच्या त्याच टोकाशी बसून होतो. पाणी परत आलं तरी या करड्या जागेवर नवा थर धरेल तो आजच्या मेलेल्यावर. मध्ये एक भुग्याची रेघ राहील, ना पांढरी ना तपकिरी. पन्नास वर्षांनी कुणी मास्तर फोडून पाहील आणि म्हणेल, या साली दुष्काळ पडला होता. वहीत लिहूनही टाकील. त्या सालचा पाऊस बरा होता, हे त्याला कोण सांगणार? आप्पांच्या नातवंडांना विचारलं तर सांगतील ती. माझं नाव घेऊन सांगतील.

आक्का कळशा घेऊन आल्या. मला पाहून थांबल्या, मग एक कळशी माझ्यापुढं ठेवली.

"हळू वता. धार मारू नगासा, सुटतंय."

ओतली. थोडं बाहेर सांडलं. त्यांनी दुसरी पुढं केली.